दागिने हवेत की दागिनेवाली?

आक्का, आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. घर खानापूर तालुक्यात. बारा वर्षं झाली, गावच्या जत्रेचं नाटक हेच बसवतात. सगळा गाव ‘डायरेक्टर’ म्हणून हाक मारतो. गेल्या दिवाळीत यांना मुंबईचा एकजण भेटला. तो व्यावसायिक नाटक काढणार, चाललं की त्यावरच सिनेमा. ‘बारा लाख घाला, सहनिर्माता म्हणून नाव लावतो’ असं म्हणतो. दीड एकर भाताची जमीन सोसायटीत तारण ठेवायची आणि कमी पडेल त्याला माझे दागिने, असं यांनी ठरवलंय. फाळक्यांच्या बायकोने दिले होते, तू का देत नाहीस, म्हणतात. करारावर अजून सही झालेली नाही. त्याचा फोटो पाठवलाय. नको म्हटलं तर ‘आड आलीस’ हे जन्मभर ऐकायचं. दिले आणि बुडाले तर मुलीच्या शिक्षणाचं काय करू?
— खानापूर तालुक्यातली एक

दागिने देऊ नकोस. पुढचं वाचायला तुला सवड होईल न होईल, म्हणून हे आधीच सांगून टाकते. नाटकाला मात्र नको म्हणू नकोस. या दोन गोष्टी एकदम कशा जमायच्या ते आता सांगते.

फाळक्यांचं उदाहरण तुझ्या नवऱ्याने काढलंय ते बरं झालं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला. त्याआधी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले, हे खरंच आहे. पण लोक गोष्ट तिथेच थांबवतात. त्या बाई कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधायच्या. पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. तुला काय ठाऊक आहे? बारा लाख हा आकडा आणि एका माणसाचा फोन नंबर. तेव्हा नवऱ्याला सरळ विचार, तुम्हाला फाळक्यांच्या बायकोचे दागिने हवेत की फाळक्यांची बायको हवी? दुसरं हवं असेल तर पदर खोचून उभी राहा.

मी हे कुठून बोलते तेही सांगायला हवं. आमचे हे तीस वर्षं बेळगावात नाटकांचे कॉन्ट्रॅक्ट घ्यायचे. मुंबई-पुण्याची कंपनी ठरलेल्या रकमेला प्रयोग करून जाणार. थिएटर, जाहिरात, तिकीटविक्री, लॉज, जेवण सगळं आमच्याकडे. नफा आमचा, तोटा तर आमचाच. टिळकवाडीतल्या घरी सोप्यात प्लॅन पसरून मी तिकिटं विकायची. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. लाल पेन्सिलीने फुली मारली की खुर्ची गेली. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं तो कागद मध्ये घेऊन बसायचो आणि फुल्या मोजायचो. आमच्या संसारातलं बरंचसं बोलणं त्या कागदावरच झालंय.

आता बारा वर्षांच्या जत्रेच्या नाटकाबद्दल. त्याला कमी लेखू नकोस आणि तुझ्या नवऱ्यानेही लेखू नये. पंचवीस माणसांना तालमीला जमवणं, दारू पिऊन आलेल्या खलनायकाला उभं करणं, ऐनवेळी न आलेल्या नटीच्या जागी दुसरी आणणं, हे निर्मात्याचंच काम. पण जत्रेत वर्गणी आधी जमते आणि पडदा नंतर उघडतो. धंद्याच्या नाटकात पडदा उघडेपर्यंत सगळं तुझ्या खिशातून, आणि पैसे मागाहून, आले तर. जत्रेचा प्रेक्षक चटई घेऊन येतो, आवडलं नाही तर उठून पाळण्यात बसतो. त्याचं काही जात नाही. तिकीट काढलेला माणूस पाचव्या मिनिटाला घड्याळ बघायला लागला की तुझ्या पोटात गोळा येतो.

मराठी नाटकाला ही अडचण जन्मापासूनची आहे. सांगलीत कर्नाटकातून भागवत मंडळी आली, त्यांचे खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसं काही मराठीत कर म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. तोवर खर्च संस्थानचा. १८५१ साली चिंतामणराव गेले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले ते पोटासाठी. तुझा नवरा आज भाव्यांच्या त्याच वळणावर उभा आहे. वर्गणी सोडून तिकिटाकडे जायचंय. फरक एवढाच की भाव्यांच्या हातात स्वतःची मंडळी होती आणि तुझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या मंडळीत पैसे ओतायचेत.

फोटोतला करार मी भिंग लावून दोनदा वाचला. ‘नफ्याच्या तीस टक्के’ असं लिहिलंय. नफा म्हणजे काय उरल्यावर? खर्चाची वही कोण लिहिणार, आणि ती बघायचा हक्क तुम्हाला आहे का? त्यावर एक ओळ नाही. सेट, कपडे, संगीत, तालमीची जागा हा नाटक उभं करायचा एकदाचा खर्च झाला. नटांची नाईट म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, बॅकस्टेजची मजुरी, थिएटरचं भाडं, बस, टेम्पो, जाहिरात आणि लेखकाचं मानधन हा दर प्रयोगाचा खर्च वेगळा. बारा लाख यातल्या कशाला, ते कागदावर नाही. नाटकाचे हक्क लेखकाचे असतात. लेखकाने या माणसाला लेखी परवानगी दिली आहे का? महाराष्ट्रात प्रयोग करायचे तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते. ती झाली का? सगळ्यात मोठा प्रश्न तारखांचा. मुंबई-पुण्यात नाटक जगतं ते शनिवार-रविवारच्या तारखांवर. त्या तारखा या माणसाच्या हातात आहेत, की मंगळवारी दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे प्रयोग लावणार आहे?

सिनेमाबद्दल करारात दीड ओळ आहे, ‘पुढील चित्रपटात योग्य तो वाटा’. योग्य कोण ठरवणार? कायद्याने सिनेमाच्या हक्काचा पहिला मालक निर्माता असतो. सहनिर्माता हा शब्द पोस्टरवर छापता येतो, पण मालकी करारात लिहावी लागते. दीड ओळीत ती मावत नाही.

तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेलं नाही. पण गोड बोलून पैसे मागणारा कुणी भेटला की मला अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आठवतो. पणशीकरांनी तो असा उभा केला की निपाणीला जाऊन आलो तरी लोक हसतात. त्या नाटकात फसलेल्या बायका मूर्ख नव्हत्या, एवढं ध्यानात ठेव. त्यांनी फक्त कागद बघितले नव्हते.

मग करायचं काय? तुझ्या नवऱ्याने आधी एक प्रयोग विकून दाखवावा. स्वतःचं नाटक काढू नये, दुसऱ्याच्या चालू नाटकाचा एक कॉन्ट्रॅक्ट शो घ्यावा. बेळगावात किंवा खानापुरात. यात बारा लाख जात नाहीत, आणि निर्मात्याला जे जे भोगावं लागतं ते सगळं एका रात्रीत भोगायला मिळतं.

हिशोब असा मांड. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, खरे चौकशी करून घाला. समज ६०० खुर्च्यांचं थिएटर. कंपनीची रक्कम १,१०,००० रुपये. भाडं, जाहिरात, लॉज, जेवण मिळून ४०,०००. झाले दीड लाख. सरासरी तिकीट ३०० धरलं तर ५०० खुर्च्या गेल्यावर तुमची नुसती मुद्दल सुटली. राहिल्या १००. त्यातून पासवाले वजा कर, आणि बेळगावात पासवाले किती ते मला विचार! नगरसेवकाचा माणूस, पोलीस स्टेशनचा माणूस, ‘मी तुमच्या यांच्या शाळेतला’ म्हणणारा माणूस. पहिल्या दोन रांगा यांच्यातच जातात. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, म्हणून पुढच्या खुर्च्यासुद्धा त्याच्या आतच ठेवा.

तारीख निवडताना डोकं लागतं. कंपनी गोव्याला चालली असेल किंवा गोव्याहून परतत असेल तेव्हाची मागायची. कोल्हापूर, बेळगाव आणि पुढे गोवा हा दौऱ्याचा जुना रस्ता. बसचं आणि सेटच्या टेम्पोचं भाडं तीन-चार ठिकाणी वाटलं जातं, म्हणून रकमेत घासाघीस करता येते. अनमोडच्या वाटेने गेले तर टेम्पो तुमच्या खानापुरावरूनच जाईल. रोपलावणीत तुमच्याकडचा माणूस नाटकाला येणार नाही, हे तुला मी सांगायला नको. १ नोव्हेंबरच्या आगेमागे तारीख धरायची नाही. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, एकीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि मध्ये तुझी विकलेली तिकिटं. पोलीस परवानगी वेळेत काढा. बॅनरवर कन्नडमध्येही लिहा. ज्या रंगभूमीला पहिली ठिणगी कानडी खेळावरून मिळाली, तिच्या बॅनरवर दोन ओळी कन्नड आल्या म्हणून मराठीचं काही उणं होत नाही. यावर मला दोन्हीकडून पत्रं येणार. येऊ देत.

कॉन्ट्रॅक्ट शोमध्ये तोटा होत नाही असं समजू नकोस. आमचा झाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाव गाजलेलं नाटक होतं, प्लॅन दोन दिवसांत लाल झालेला. साडेनऊचा प्रयोग, आणि सेटचा ट्रक तवंदी घाटात बंद पडला. तेव्हा मोबाईल नव्हते. हे स्कूटरवरून निपाणीच्या दिशेने गेले आणि मी तिकिटांच्या खिडकीत बसून लोकांना ‘येतंय, येतंय’ सांगत राहिले. सव्वाअकराला ट्रक आला. पडदा उघडला तेव्हा बारा वाजून गेले होते. निम्म्याहून जास्त लोक पैसे परत घेऊन घरी गेलेले. कंपनीच्या माणसाने मात्र ठरलेली रक्कम पुरती मोजून घेतली. वेळेवर पोचायची जबाबदारी कुणाची, हे आमच्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं. माझ्या पाटल्या त्या महिन्यात गेल्या. पाच वर्षांनी परत आल्या, वजनाने हलक्या.

म्हणजे मी दिल्या आणि तुला नको म्हणते, असं होईल. होऊ दे. माझ्या पाटल्या कुणाला किती द्यायला गेल्या ते मला पैशापर्यंत माहीत होतं. थिएटरचं भाडं, प्रेसचं बिल, जेवणवाल्या बाईचे राहिलेले. देणं फिटलं त्या दिवशी वहीवर रेघ मीच मारली. तुझे दागिने कुठे जाणार ते तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही.

नोकरी सोडायचा विचार तो करत असेल, पत्रात नाही पण वास येतोय. सोडू देऊ नकोस. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर आधी बेळगावात मास्तर होते, मग रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला तो नोकरी सांभाळून, आणि त्या रात्री सातातले चारच अंक केले. संगीत नाटकाची एवढी मोठी गोष्ट चार अंकांवर सुरू झाली. तुझ्या नवऱ्याने एका प्रयोगावर करायला हरकत नसावी.

तो म्हणेल, केशवराव भोसल्यांनी नाही का उडी घेतली? घेतली. १९०८ साली इथून जवळच हुबळीत ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनी काढली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पण त्यांचं सगळं लहानपण नाटक कंपनीत गेलं होतं, त्यांना बिऱ्हाड हलवण्यापासून गल्ला मोजण्यापर्यंत सगळं पाठ. १९२१ साली एकतिसाव्या वर्षी ते गेले तरी कंपनी राहिली. बापूराव पेंढारकरांनी उचलली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. आणि कलेपुढे हिशोब गौण असं तो म्हणालाच तर बालगंधर्वांचं नाव काढ. रंगमंचावर खरे शालू, खरं अत्तर, आणि शेवटी खरं कर्ज. देवासारखा माणूस, पण कर्ज देव फेडत नाही. त्यांनाच प्रयोग करकरून फेडावं लागलं.

सिनेमाचं मी थोडक्यात उरकते, कारण तो तुमच्या दारात अजून आलेलाच नाही. नाटक पाच प्रयोगांत कळतं, नाही चाललं तर सहावा लावायचा नाही. सेट गोदामात टाकून माणूस फाउंड्रीत कामाला जातो. सिनेमात सगळा पैसा आधीच संपलेला असतो. मग सेन्सॉर, मग जाहिरात, मग थिएटर मिळवणं, आणि मराठी सिनेमाला बेळगावात सकाळचा शो मिळाला तर नशीब. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली ती बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे काम जाणणारे आणि पैशाकडे बघायला सीतारामपंत कुलकर्णी. तिथेही पैसेवाला रोज कंपनीत होता. फोनवर नव्हता.

एक गोष्ट मला तुझ्या नवऱ्याची मनापासून आवडली, ती म्हणजे बारा वर्षं. बारा वर्षं गावातल्या माणसांकडून नाटक करून घेणं खायचं काम नाही. मच्छिंद्र कांबळींनी मालवणीतलं ‘वस्त्रहरण’ गाजवलं, त्याचा विषय तरी काय होता? गावातली मंडळी नाटक बसवतात आणि त्याचे कसे तीनतेरा वाजतात, तेच. सुरुवातीला चालेना. कांबळी स्वतः तात्या सरपंच होऊन उभे राहिले, टिकून राहिले, आणि पुढे पाच हजारांवर प्रयोग झाले. तुमच्या जत्रेच्या तालमीत जे घडतं, ‘काय करूलालास बे’ असं जे बोललं जातं, ते मुंबईच्या कुठल्या निर्मात्याकडे आहे? उद्या तुझ्या नवऱ्याने स्वतःचं नाटक काढलंच तर ते आपल्या बोलीतलं असावं असं मला वाटतं. पण ते उद्याचं. आधी तिकिटं.

‘आड आलीस’ याची भीती तुला आहे. म्हणून ‘नको’ हा शब्दच काढू नकोस. रविवारी निवांत असताना म्हण, “आधी एक प्रयोग करूया की ओ. हिशोब मी लिहिते.” तो हो म्हणाला तर बारा वर्षांच्या ओळखीची सगळी गावं पिंजून काढा. जत्रेत ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यातले किती जण तीनशे रुपये काढतात ते दिसेल. तो आकडा त्यालाही हवा असेल. आणि तो म्हणाला की असल्या बारक्या कामात मला रस नाही, तर समज की त्याला निर्माता व्हायचं नाही, पोस्टरवर नाव हवंय. पोस्टर खडेबाजारात कुठेही छापून मिळेल, बारा लाख लागणार नाहीत.

मुंबईच्या त्या माणसाला एवढंच कळवा की तुमच्या नाटकाचे पहिले पाच प्रयोग झाले की आमच्याकडे बेळगावचा एक प्रयोग करा, रक्कम रोख देऊ. खरा असेल तर आनंदाने येईल. प्रयोग घेणारा माणूस कुठल्याच निर्मात्याला नको नसतो. जमिनीचा उतारा घरात आणून ठेव, आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते एकदा वाच. सासऱ्यांचं असेल तर त्यांच्याशीही बोल. ही गोष्ट फक्त तुमच्या दोघांची राहिलेली नाही.

प्लॅन मोठ्या कागदावर काढून घे, लाल पेन्सिल माझ्याकडे अजून आहे. तारीख ठरली की मला कळव. प्रयोगाच्या दिवशी पाच वाजता मी खिडकीत येऊन बसते. आता फोनवर पैसे येतात म्हणतात, तरी दहा-वीसच्या नोटा सुट्या करून आण. साडेआठनंतर जो येतो तो हमखास पाचशेची नोट पुढे करतो.